ट्रेंड धरावा की आपलंच दाखवावं?

आगळवाली, गुहागर:
मी घरची आमसुलं नि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विकते. मार्च 2025 मध्ये जो तो एआयकडून केलेली घिबली, म्हणजे जपानी कार्टूनसारखी, चित्रं टाकत होता, मीही बरणीचं टाकलं. लाइक भरपूर, ऑर्डर एकही नाही. मग मे महिन्यात अंगणात आमसुलांना पुटं देतानाचा, म्हणजे सालं रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवतानाचा, साधा व्हिडिओ टाकला. सासूबाईंचे मनगटापर्यंत लालभडक हात, मागे कोंबड्या. त्यावर पुण्यामुंबईहून विचारणा आली! असं का होतं?

देवगडकर:
ताई, तसं चित्र कुणीही करील, ते हात तुमच्याच घरचे. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत एका बाईची गाडी जळाली, आतल्या स्टॅन्ली कंपनीच्या थर्मास पेल्यात बर्फ तसाच. तिचा व्हिडिओ पसरला, तर कंपनीच्या अध्यक्षांनी तिला नवी गाडी देऊ केली. वस्तूचा गुण आधी दिसला, मग कंपनी बोलली.

मालवणची सून:
पण घरात माल हवा गो! आमच्या कुळथाच्या पिठाची रील चालली तेव्हा चाळीसच किलो होतं. ताटकळलेली गिऱ्हाइकं परत फिरकली नाहीत.

आगळवाली:
पटलं. आगळाच्या साठच बाटल्या उरल्यात, तसं आजच लिहिते. पुढचा व्हिडिओ रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतानाचा.