जपानने अंदमान नेमकं कशासाठी घेतलं?

भटकी_मुलुंडची: गेल्या महिन्यात पोर्ट ब्लेअरला जाऊन आले. सावरकरांची कोठडी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला जपानी बंकर दिसले. एकात वाकून शिरले तर समोर आडवी फट आणि फटीतून नुसता समुद्र. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, इथे ना तेल ना खाणी, मग १९४२ मध्ये जपानी आले कशाला? भारतावर चाल करायला?

दर्यावर्दी: भारतासाठी नाही, रंगूनसाठी. तारखा लावून बघा, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून, २३ मार्चला अंदमान. बर्मात पुढे सरकायला जादा फौज हवी होती, थायलंडच्या डोंगर-जंगलातून ती आणणं महाकठीण, म्हणून सिंगापूरहून जहाजांनी रंगूनला, आणि ती वाट अंदमानच्या समुद्रातूनच जाते. बेटं इंग्रजांकडे राहिली असती तर सगळी जहाजं त्यांच्या नजरेत आली असती. बेट घेतल्यावर चारेक दिवसांत तिथे फ्लाइंग बोटी आल्या, म्हणजे पाण्यावर उतरणारी टेहळणी विमानं. लढावंही लागलं नाही, गुरखा तुकडी इंग्रजांनी आधीच काढून घेतली होती.

कोकणकडा: मला नाही पटत. ५ एप्रिलला कोलंबो, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा, ९ ला श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरावर बॉम्ब, मद्रासमधून लोक घरं सोडून पळाले, हे सगळं काय उगाच?

दर्यावर्दी: दादा, धाक घालणं वेगळं आणि फौज उतरवणं वेगळं. जपानी नौदलाला सिलोन, म्हणजे श्रीलंका, हवंच होतं, पण लष्कराने डिव्हिजन द्यायला नकार दिला, बरीचशी फौज चीनमध्ये अडकलेली.

मास्तर_सातारा: पुढचंही सांगतो. नजर ठेवायला घेतलेल्या बेटावर मग जपान्यांना प्रत्येक माणूस हेर दिसायला लागला. इंग्रजांचे हेर १९४३ मध्ये पाणबुडीतून खरंच उतरले होते, पण भोगलं बेटावरच्या साध्या लोकांनी. पोर्ट ब्लेअरचे डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाण सिंग त्याच सेल्युलर जेलमध्ये जपान्यांच्या छळाने गेले, जानेवारी १९४४. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि बरोबर महिन्याने, ३० जानेवारीला, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंज गावात जपान्यांनी ४४ जणांना गोळ्या घातल्या. हे वाचलं की अजून पोटात तुटतं.

भटकी_मुलुंडची: सर, चार दिवस होते तिथे, पण हम्फ्रीगंजचं नाव एकाही गाडीवाल्याने काढलं नाही. डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन परत जातेय, पहिल्यांदा तिथेच जाणार.