गिअर बदलताना मोटरसायकलला बसणारा हिसका कसा टाळावा?

प्रश्न

नमस्कार. बरीच वर्षे बिनगिअरची स्कूटर चालवल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदा मोटरसायकल घेतली. एक खाली आणि चार वर हा गिअरांचा क्रम आता अंगवळणी पडला आहे आणि गाडी सहसा बंदही पडत नाही. अडचण आहे ती हिसक्याची. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना गाडी आधी क्षणभर अडखळते आणि क्लच सोडताच पुढे झेपावते. मागे पत्नी बसलेली असेल, तर तिचे हेल्मेट दर वेळी माझ्या हेल्मेटवर आपटते. वेग कमी करताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो, की गाडीला मागून कोणीतरी धरून ओढल्यासारखे वाटते. क्लच मी पूर्ण दाबतो आणि जमेल तितका हळू सोडतो, तरीही फरक पडत नाही. माझे नेमके काय चुकते आहे?

पहिले उत्तर

तुमचे सगळे लक्ष डाव्या हाताकडे आहे; मला दोष उजव्या हाताचा वाटतो.

प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि मागच्या चाकाचे फेरे यांचे प्रमाण ठरलेले असते. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकला, तर त्याने साधारण ३,७०० फेरे घ्यायला हवेत. क्लच दाबलेला असताना फेरे बरोबर तेवढेच उतरले, तर क्लच कधी सुटला हे कळतही नाही. ते फार खाली गेले, तर चाकाला इंजिन ओढत न्यावे लागते आणि गाडी अडते. क्लच सुटण्याआधीच रेस दिल्यामुळे ते वर राहिले, तर गाडी झेपावते. क्लच हळू सोडल्याने ही तफावत थोड्या जास्त वेळात भरून निघते, पण ती मुळात राहतेच. उलट, वरचा गिअर टाकताना रेसची मूठ बंद ठेवून फार वेळ घेतला, तर तेवढ्यात फेरे आणखी घसरतात, म्हणून तुमच्या सावधपणाचा तुम्हालाच तोटा होत असावा.

सुरुवातीचे अडखळणे वेगळे आहे. क्लच दाबण्याआधी मूठ बंद झाली, की तेवढा क्षण इंजिन ब्रेकचे काम करते आणि मागच्या व्यक्तीचे डोके पुढे येते. त्यामुळे मूठ मिटणे आणि क्लच दाबणे या दोन्ही क्रिया एकाच क्षणी व्हायला हव्यात. चालत्या गाडीत क्लच डाव्या मुठीला टेकेपर्यंत दाबण्याचीही गरज नसते. तो जिथे पकड सोडतो, त्याच्या जरासा पुढे गेला तरी पुरते. बूट आधीच गिअरच्या लिव्हरखाली हलकेच टेकवून ठेवावा, म्हणजे क्लचने पकड सोडताक्षणी गिअर पडतो आणि सगळा बदल अर्ध्या सेकंदात आटोपतो.

खाली येताना हेच गणित उलटे होते, कारण तिथे फेरे वाढायला हवेत. क्लच दाबलेला असताना मुठीला एक छोटा झटका देऊन सोडावी आणि फेरे चढलेले असतानाच क्लच सोडावा.

दुसरे उत्तर

वरील कारणमीमांसा मला पूर्ण मान्य आहे, मात्र खाली येताना रेसचा झटका देण्याचा सल्ला मी दोन महिन्यांच्या चालकाला इतक्यात देणार नाही. त्या वेळी उजव्या हाताची बोटे बहुधा पुढच्या ब्रेकवर असतात, आणि सवय नसताना मूठ पिळायला गेल्यास ब्रेकवरचा दाब नकळत कमी-जास्त होतो. आधी ब्रेकने वेग पुरेसा उतरू द्यावा, मग एक गिअर पाडून क्लच अर्धा सुटेपर्यंत सावकाश आणावा, तिथे क्षणभर थांबावे आणि नंतर पूर्ण सोडावा. इथे हळू सोडण्याचा खरोखर उपयोग होतो. ओल्या रस्त्यावर तर हे फार महत्त्वाचे आहे, कारण जास्त वेगात खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला, की मागचे चाक घसरू शकते.

सरावासाठी मोकळे, सपाट मैदान शोधा. पहिल्या गिअरमध्ये मूठ अजिबात न पिळता क्लच तिळातिळाने सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. बोटांना ती जागा डोळे मिटून सापडेपर्यंत क्लच पुन्हा दाबून हेच करत राहा. मी शिकताना पूर्ण एक सकाळ एवढेच केले होते आणि त्या सकाळीचा फायदा मला आजही होतो.

तिसरे उत्तर

सरावाबरोबर गाडीही तपासून घ्या. क्लच लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर मोकळीक लागते. ती फार वाढली, तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लचची पकड नीट सुटत नाही आणि गिअर खटकन पडतो. चेन सैल असेल, तर मूठ मिटता-उघडताना तिचा सैलपणा आधी भरून निघतो आणि मगच चाकाला ओढ बसते; तो धक्का चालवणाऱ्याला स्वतःची चूक वाटते. चेन किती सैल असावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

प्रश्नकर्ता

आठवडाभर सराव करून लिहितो आहे. चेन खरोखरच सैल निघाली. ती ताणून घेतल्यावर आणि मूठ व क्लच एकाच वेळी हलवू लागल्यावर दुसरा आणि तिसरा गिअर न जाणवता पडतात. काल पत्नीचे हेल्मेट एकदाही लागले नाही. खाली येताना अजून दहांतले तीन-चार बदल बिघडतात. आणखी एक शंका आहे: कधीकधी तिसऱ्या गिअरमध्येच थांबावे लागते आणि मग उभ्या गाडीत पहिला गिअर काही केल्या पडत नाही. असे का होते?

पहिले उत्तर देणारे

गिअरांच्या बाजूला असलेले दात समोरच्या खाचांत बसले, की गिअर पडतो. गाडी उभी असताना दातासमोर दात आला, तर तो आत शिरू शकत नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर न देता तिच्यावर पाय हलकाच ठेवा आणि क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी वीतभर पुढे-मागे हलवा. दात सरकतात आणि गिअर पडतो. चाक फिरत असतानाच एकेक गिअर पाडत पहिल्यावर आलात, तर ही वेळ सहसा येणार नाही.