मदत हवी आहे: अरुंधती केशमधल्या दीर्घिका कशा पाहाव्यात?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. नाभीय अंतर १२०० मिमी, आयपीस २५ आणि १० मिमीचे, म्हणजे ४८ आणि १२० पट वर्धन.

अरुंधती केश (Coma Berenices) या तारकासमूहातले तारकागुच्छ सहज सापडतात. मेलॉट १११ हा खुला तारकागुच्छ इतका पसरलेला आहे की तो बायनॉक्युलरमधूनच खरा खुलतो. एम ५३ हा गोलाकार गुच्छ त्या तारकासमूहातल्या आल्फा ताऱ्याजवळच आहे, त्यामुळे शोधाशोध नाही.

अडतंय ते दीर्घिकांपाशी. एम ६४ दिसते, पण फक्त धूसर लंबगोल डाग म्हणून. तिच्या गाभ्याजवळचा काळा धुळीचा पट्टा, ज्यामुळे तिला 'काळा डोळा' म्हणतात, तो काही केल्या वेगळा दिसत नाही. ६ इंचात तो कोणी पाहिलाय का? किती वर्धन ठेवलंत? आणि एनजीसी ४५६५, ती कडेने दिसणारी सुईसारखी दीर्घिका, मला मनापासून पाहायची आहे! मेलॉट १११ पासून तिथवर ताऱ्यांवरून कसं जायचं, कृपया कोणी सांगाल का?

तेजोमेघांचे फिल्टर दीर्घिकांना फारसे उपयोगी नाहीत हे ठाऊक आहे, त्यामुळे निरीक्षणाच्या युक्त्याच सुचवा.