बोटीवरचा स्टोव्ह : धुराडं झाडलं तरी दार उघडलं की धूर आत

प्रश्न : पाण्यावरची

नमस्कार मंडळी. सात महिने झाले, मी आणि नवरा बोटीवरच राहतोय. पन्नास फुटी लोखंडी बोट आहे. पुढच्या खोलीत ओतीव लोखंडाचा छोटा स्टोव्ह आणि ५ इंची धुराडं छतातून वर गेलेलं. लाकूड जाळतो, कधी बिनधुराच्या कोळशाच्या वड्या, कधी दोन्ही एकदम.

दोन आठवड्यांपासून दार उघडलं की भपकन धूर तोंडावर येतो. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी काळीठिक्कर. रविवारी नवऱ्याने छतावर चढून आठ-दहा वेळा ब्रश खालीवर केला. भरपूर काजळी सुटली म्हणतो. खाली राखेच्या ट्रेमध्ये मला तर मूठभरच दिसली. आणि गंमत म्हणजे त्यानंतर धूर कमी व्हायचा सोडून वाढलाय. धुराडं उंच करावं का? की वर वाऱ्याची टोपी बसवावी?

आणखी एक, याचा इथे संबंध आहे की नाही कोण जाणे. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. बाहेर जाऊन दोर तपासले की पंधरा मिनिटांत उतरतं. आणि कबूल करून टाकते, थंडी आत येते म्हणून हवेच्या एका जाळीत फडकं कोंबलंय. विषारी वायूचा अलार्म आहे, मागच्या मालकाने लावलेला. कधी वाजलेला नाही.

प्रतिसाद १ : रात्रपाळी

टोपीबिपी नंतर. आधी स्टोव्ह विझू द्या, दारंखिडक्या उघडा आणि ते फडकं काढा. बाहेर गेलं की उतरणारी डोकेदुखी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची खूण धरायची. हा विषारी वायू, त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसतो म्हणून तुम्हाला धुराची काळजी वाटतेय, पण जो दिसत नाही तो जास्त वाईट. दोघंही डॉक्टरांकडे जा आणि ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असं स्वतःहून सांगा. नाहीतर सर्दीच्या गोळ्या घेऊन परत याल.

प्रतिसाद २ : जुना नांगर

रात्रपाळीने सांगितलंय ते आधी करा, मगच माझं वाचा. एकोणीस हिवाळे बोटीवर काढलेत, त्यातल्या पहिल्या तिनात मी तुमच्यासारखाच होतो.

धूर वाढला यात आश्चर्य काहीच नाही. वरून सुटलेली काजळी ट्रेमध्ये मूठभरच आली, मग बाकीची गेली कुठे? स्टोव्हच्या आत, छताखाली एक आडवी तिरकी प्लेट असते, बॅफल प्लेट. ज्वाळा सरळ धुराड्यात पळू नये म्हणून ती बसवलेली असते. धूर तिच्या कडेच्या फटीतून वळसा घेऊन वर जातो. ब्रशने पाडलेली सगळी काजळी त्या प्लेटच्या पाठीवर बसली आणि फट बुजली. नवऱ्याने धुराडं झाडून स्टोव्हच्या घशात बोळा बसवला, म्हणा ना!

स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्या. मास्क लावा, जमिनीवर जुनी चादर पसरा. दारातून हात घालून प्लेट उचला, पुढे ओढा, एक कोपरा खाली करून तिरकी बाहेर काढा. पहिल्यांदा निघत नाही, शिव्या द्याव्याशा वाटतात, द्या. काजळी ओंजळींनी निघेल. मग बॅटरी घेऊन वर बघा, धुराड्यातून आकाशाचा गोल पूर्ण दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून काम बाकी आहे. इथून पुढे ब्रश मारण्याआधीच प्लेट काढायची. हिवाळ्यात रोज पेटत असेल तर मी दीड-दोन महिन्यांनी झाडतो. घरापेक्षा बोटीचं धुराडं बुटकं, मुळातच ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याची ताकद, कमी, त्यामुळे थोडा कचराही पुरतो.

उंची वाढवण्याबद्दल : ओढ वाढते हे खरं, पण बुजलेल्या घशाला उंच टोपी घालून उपयोग काय? आधी साफसफाई.

हात काळे झालेच आहेत तर दोन गोष्टी बघून घ्या. रात्री केबिनमधले दिवे घालवा, गार स्टोव्हमध्ये पेटती बॅटरी ठेवा, दार लावा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून धूर येणार. ओतीव लोखंडाच्या सांध्यातली फट फायर सिमेंटने भरता येते, पण तडा गेलेली प्लेट बदलायचीच. दुसरं म्हणजे दाराची दोरी, दार घट्ट बसावं म्हणून कडेच्या खाचेत चिकटवलेली असते ती. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडली पाहिजे. अशी चारही बाजूंना. सहज सुटली तिथे दोरी मेलीय.

छताच्या कॉलरपाशी, म्हणजे धुराडं छतातून बाहेर पडतं तिथल्या कड्यापाशी, तपकिरी ओघळ आहेत का, तेही बघा. नळ्यांचे सांधे असे हवेत की वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत बसेल. मग धुरातून नळीत जमणारं चिकट डांबर आतल्या आत खाली उतरतं. उलटं बसवलं की ते सांध्यातून बाहेर येऊन नळीवर वाळतं. ते ओघळ पुसून रंग मारणारे लोक पाहिलेत मी.

अलार्मचं : पाठीवरची तारीख वाचा. त्यातला सेन्सर म्हातारा होतो. बटण दाबून ‘टीं’ वाजलं म्हणजे आवाज आणि बॅटरी ठीक, सेन्सरची हमी नाही. नवा घेताना बोटीसाठीचा घ्या, त्यावर ईएन ५०२९१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो. स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर, वरच्या बाजूला लावा, शिवाय झोपायच्या जागी उशीच्या उंचीला आणखी एक. हा वायू जड असतो, जमिनीलगत साचतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो जवळपास हवेइतकाच, किंचित हलका. ब्रिटनमध्ये बोट सेफ्टी स्कीम या बोटींच्या सुरक्षा योजनेने एप्रिल २०१९ पासून राहण्याची जागा असलेल्या बोटींना अलार्म सक्तीचा केला, तो उगाच नाही.

माझी एक चूक सांगतो, मग थांबतो. एका पावसाळी रात्री राखेची बादली भिजू नये म्हणून मी ती आत, पायरीखाली ठेवली. राख थंडगार, बोट घालून पाहिलेली. पहाटे अलार्म वाजला. राखेच्या पोटात निखारे धुमसत होते आणि बादलीला झाकण नव्हतं. तेव्हापासून बादली लोखंडी, झाकणाची, बाहेर, विटांवर. आत कध्धीच नाही.

प्रतिसाद ३ : ओंडका

प्लेटचं पटलं. पण काच काळी होण्याचं कारण मला लाकडातही दिसतंय. लाकूड किती सुकलंय? ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला ओल मोजायचं मीटर लावा, बाहेरच्या टोकाला नाही. २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर ठेवून द्या. जळताना टोकाला पाणी फसफसतं ते असलंच लाकूड. आणि रात्री हवा बंद करून धुमसत ठेवता का? सगळ्यात जास्त डांबर तिथेच धरतं, पुढे तेच पेटतं. एकदा धुराड्यात आग लागलेली ऐकलीय मी, पुराचं पाणी नळीतून घुमावं तसा आवाज. असं झालं तर हवा बंद करायची, दार उघडायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करायचा.

लाकूड आणि कोळसा एकत्र मात्र नको. कोळशातलं गंधक आणि लाकडाची ओल मिळून आम्ल होतं, ते नळी खातं. समुद्रातून वाहत आलेलं लाकूडही नको, मिठाने पत्रा सडतो.

प्रतिसाद ४ : जुना नांगर

ओंडका, मान्य. मी थंडी सरताना दोन्ही एकत्र जाळायचो. पाचव्या वर्षी सडलेल्या नळीतून हाताचं बोट आरपार गेलं.

प्रतिसाद ५ : पाण्यावरची

स्टोव्ह कालपासून बंद. डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघंही ठीक आहोत, पण उशीर करायला नको होता असं त्या म्हणाल्या. फडकं काढलं. अलार्मच्या पाठीवरची तारीख तीन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली! नवे दोन लावले.

आज प्लेट काढली. जुना नांगर, शिव्या दिल्या. पाठीवर अडीच-तीन इंच काजळी होती, वर ब्रशचे तुटलेले दोन केसही. काढल्यावर वर पाहिलं तर आकाश पूर्ण गोल दिसलं.

कागदाची पट्टी तीन बाजूंना अडली, बिजागरीकडे खालच्या कोपऱ्यात लोण्यासारखी सुटली. तिथली दोरी काचेसारखी कडक झालीय. नवी दोरी परवा येईल, तोवर दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी. एक विचारू का : जुनी दोरी खरवडल्यावर खाचेत राहिलेला गोंद कसा काढायचा? नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच आहे, मी अडवून धरलाय.

प्रतिसाद ६ : जुना नांगर

बरं केलंत अडवलंत, स्क्रूड्रायव्हरने खाचेची कड उडते. तारेचा ब्रश घ्या, चिवट जागी पॉलिश पेपरची घडी. खाच कोरडी झाल्यावरच नवा गोंद लावा. दोरी बसवताना ताणू नका, जाड राहिली तरच दार घट्ट बसतं.