सल्ला हवा आहे: मुलीला ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आधी दाखवावा की पुस्तके आधी द्यावीत?

जास्वंद
नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेल्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ या अर्थसी मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाचा चार दिवसांत फडशा पाडला. जपानच्या स्टुडिओ जिबलीने २००६ मध्ये या मालिकेवर ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा अ‍ॅनिमेशनपट काढला असल्याचे तिला नुकतेच कळले आहे, आणि जिबलीच्याच तोतोरो या चित्रपटाची तिने पारायणे केलेली असल्यामुळे ‘हाही आत्ताच दाखव’ असा तिचा हट्ट सुरू झाला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. चित्रपट आत्ता दाखवावा, की उरलेली पुस्तके वाचून झाल्यावर? आणि पुस्तके आधी द्यायची असतील, तर कोणती आवृत्ती घ्यावी? ७०० रुपयांच्या वर जाणे मला शक्य नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिचे इंग्रजी वाचन चांगले आहे. मात्र एखादे भीतिदायक दृश्य पाहिले की ती दोन रात्री माझा हात धरून झोपते.

पानगळ
चित्रपट अजिबात दाखवू नका, आधी पुस्तकेच द्या. तीही सुटी न घेता २०१८ मध्ये निघालेला एकत्रित सचित्र ग्रंथ घ्या. चार्ल्स व्हेस यांची पन्नासहून अधिक चित्रे, सहाही पुस्तके आणि सुट्या कथा हे सगळे त्या एका ग्रंथात आले आहे. लेखिका उर्सुला ले ग्विन त्याच वर्षी जानेवारीत गेल्या, पण त्याआधी त्यांनी व्हेस यांच्याबरोबर काही वर्षे बसून ड्रॅगन कसा दिसला पाहिजे याचा अक्षरशः काथ्याकूट केला होता. मला तो ग्रंथ चार हजारांच्या आसपास पडला आणि त्यातला एकही रुपया वाया गेला असे मला वाटत नाही. हजाराच्या आसपास पाने असल्याने तो हातात धरून वाचता येत नाही, उशीवर ठेवून वाचावा लागतो. माझ्या धाकट्याच्या पायावर तो एकदा पडला तेव्हा अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. तरीही घ्यायचा तर तोच घ्यावा.

उत्तररात्र
चित्रपटाची डीव्हीडी घेण्याचा विचार असेल, तर माझा अनुभव ऐका. माझ्या भावाने ओसाकाहून मोठ्या प्रेमाने जपानी डीव्हीडी आणली आणि आमच्या प्लेयरने ती चालवायला साफ नकार दिला, कारण डीव्हीडी कोणत्या देशांत चालेल हे ठरवणारा जपानचा क्षेत्र क्रमांक २ आणि भारताचा ५ आहे. शेवटी लॅपटॉपच्या ड्राइव्हचा क्षेत्र क्रमांक बदलून ती पाहिली. तो बदलही पाचच वेळा करता येतो, त्यानंतर ड्राइव्ह कायमचा त्याच क्रमांकावर अडकतो. त्यापेक्षा नेटफ्लिक्सचे वर्गणीदार असाल तर तेथे शोधा. मी दुसऱ्यांदा तेथेच पाहिला. जिबलीचे चित्रपट भारतात फेब्रुवारी २०२० पासून तेथे येऊ लागले.

एक विनंती मात्र आहे. इंग्रजी डबिंगमध्ये टिमोथी डाल्टन आणि विलेम डेफो यांच्यासारखे मोठे नट असले, तरी मूळ जपानी आवाजातच पाहा. गेड या जादूगाराचा आवाज बुंता सुगावारा यांचा आहे. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये बॉयलर सांभाळणाऱ्या सहा हातांच्या कामाजीलाही त्यांचाच आवाज होता. तेरू ही मुलगी माळरानावर एकटी उभी राहून गाते, तेव्हा मागे एकही वाद्य वाजत नाही. केवळ आओई तेशिमाचा आवाज आणि गवतावरून जाणारा वारा ऐकू येतो, आणि ऐकता ऐकता राजपुत्र अ‍ॅरनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. एवढ्या एका प्रसंगासाठी मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे.

शिंपला
वर पानगळ यांनी म्हटल्याप्रमाणे मीही चित्रपट दाखवू नका असेच म्हणेन, पण माझे कारण वेगळे आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना जिबलीचे नाव पाहून मी निर्धास्तपणे तो लावला आणि भात टाकायला स्वयंपाकघरात गेले. सुरुवातीच्या काही मिनिटांतच राजपुत्र स्वतःच्या वडिलांच्या पोटात सुरा खुपसतो. शेवटी मनोऱ्यावर कॉब हा जादूगार झपाट्याने म्हातारा होत जातो आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा उरतात. माझा मुलगा त्यानंतर आठवडाभर दिवा लावून झोपला. लेखिकेसाठी ऑगस्ट २००६ मध्ये तिच्या गावी या चित्रपटाचा खास खेळ झाला होता, तेव्हाही लहान मुले घाबरली किंवा गोंधळली आणि मोठ्या मुलांना मात्र काही वाटले नाही, असे तिनेच नंतर लिहिले आहे. अकरा वर्षांच्या मुलीला यातल्या कोणत्या गटात धरायचे, हे तुम्हालाच ठरवावे लागेल.

काठावरचा
या चित्रपटावर सगळे तुटून पडतात याचे मला मनापासून वाईट वाटते. जिबलीचे नामवंत दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अर्थसीवर चित्रपट करायचा होता, पण तेव्हा लेखिकेने नकार दिला. पुढे तोतोरो पाहून तिचे मत पालटले, तोवर हायाओ ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये गुंतले होते. मग निर्माते तोशिओ सुझुकी यांनी हे काम हायाओंचा मुलगा गोरो याच्यावर सोपवले. गोरो हे उद्यानरचनाकार होते, मिताका येथील जिबली संग्रहालय त्यांनी सांभाळले होते, आणि त्यांनी तोवर एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. वडिलांचा उघड विरोध असताना मुलाने पहिलाच चित्रपट करायचा आणि त्याची सुरुवात पितृहत्येने व्हायची, हा योगायोग आहे असे मला कधीच वाटले नाही. त्या सुऱ्यामागचा घुसमटलेला मुलगा ज्याला दिसतो, त्याला चित्रपटातले बाकीचे दोष सोसवतात.

पानगळ
काठावरचा, आपल्या भावनेचा आदर राखून सांगतो, की दिग्दर्शकाच्या घरात काय घडले यावरून कथेचे मोल ठरत नाही. मूळ पुस्तकात अ‍ॅरन वडिलांना मारत नाही. वडीलच त्याला रोक या जादूगारांच्या बेटावर पाठवतात आणि तो गेडवरच्या निष्ठेने घराबाहेर पडतो. ले ग्विन यांची हरकत नेमकी येथेच होती, की त्यांच्या पुस्तकात दुष्टाला ठार मारून प्रश्न सुटत नाही आणि चित्रपटात मात्र तसाच सुटतो. गेड पुस्तकात तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे आणि चढाई करून येणारे कार्ग लोक गोरे आहेत. १९६८ मध्ये हे सगळे त्यांनी ठरवून लिहिले होते.

काठावरचा
पण त्याच ले ग्विन यांनी गोरोंना समोरासमोर सांगितले होते, की हे माझे पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे आणि तो चांगला चित्रपट आहे. ते शेवटचे वाक्य कोणी उद्धृत करत नाही.

पानगळ
ते खासगीत काढलेले सौजन्याचे उद्गार होते. ते जाहीर झाल्यावरच त्यांना सविस्तर लिहावे लागले, आणि त्या लेखात चित्रपटातले सौंदर्य मान्य करूनही त्यांनी हिंसेबद्दलची नाराजी स्पष्ट मांडली आहे. तो लेख आपण पूर्ण वाचावा.

ओवी
जास्वंदताईंचा मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे, म्हणून लिहिते. हा चित्रपट मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांतून उचललेला आहे, म्हणजे ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) आणि ‘तेहानू’ (१९९०). तुमच्या मुलीने फक्त पहिले वाचले आहे. तिच्या ओळखीचा तरुण गेड तिला एकदम प्रौढ झालेला दिसेल. त्याच्या गालावरचा व्रण ती ओळखेल, पण तेनार कोण आणि त्या दोघांचे नाते काय, हे चित्रपट धड सांगत नाही. शिवाय चौथ्या पुस्तकात शेवटपर्यंत राखून ठेवलेले तेरूचे गुपित चित्रपटात उघड होते. ते एकदा कळले की पुस्तक पहिल्यांदा वाचल्याचा आनंद परत मिळत नाही.

या मालिकेचा सगळा जीव खऱ्या नावात आहे. गेडचा गुरू ओगिअन झऱ्याच्या गार पाण्यातून बाहेर येणाऱ्या मुलाचा दंड धरून त्याच्या कानात ‘गेड’ असे पुटपुटतो, ते मी माझ्या भाचीला वाचून दाखवले, तेव्हा तिला चटकन तिच्या धाकट्या भावाचे बारसे आठवले. आत्याने बाळाच्या कानाशी लागून ‘कुर्र’ करत नाव सांगितले ते आठवले, आणि पत्रिकेत लिहून ठेवलेले पण कोणी हाक मारत नाही ते रासनावही आठवले. दुसऱ्या पुस्तकात तेनारचे नावच काढून घेतात आणि तिला ‘अर्हा’ म्हणजे खाऊन टाकलेली म्हणू लागतात. गेड तिला तिचे नाव परत देतो ते पान वाचताना माझी भाची उठून बसली होती. चित्रपटातही अ‍ॅरन आणि तेरू एकमेकांना आपली खरी नावे सांगतात, पण त्या क्षणाचे वजन कळायला दुसरे पुस्तक वाचलेले असावे लागते.

जुनी पाने
ताईंनी ७०० रुपये सांगितले आहेत आणि येथे चार हजारांच्या ग्रंथाची शिफारस होते आहे. सुट्या आवृत्त्या घ्या. मला ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ या दुसऱ्या पुस्तकाची जुनी प्रत मुंबईत फाउंटनच्या पदपथावर दीडशे रुपयांना मिळाली, पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण बांधणी शाबूत होती. दुसरे आणि तिसरे पुस्तक मिळून तुमच्या रकमेत बसावे. ‘तेहानू’ मात्र एवढ्यात देऊ नका. ज्या मुलीला तिच्या जवळच्याच माणसांनी मारून आगीत टाकले तिची ती कथा आहे, आणि ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याकडे तिसऱ्या पुस्तकाची जादा प्रत आहे. टपालखर्च दिलात तर पाठवतो.

शिंपला
पुन्हा एकदा सांगते, दाखवलाच तर मुलीला एकटीला पाहायला बसवू नका.

जास्वंद
सर्वांचे मनापासून आभार. बहुतेकांनी ‘आधी पुस्तके’ असा सल्ला दिला, तरीही मी रविवारी दुपारी चित्रपट दाखवला, कारण तीन आठवडे वाट पाहून तिची उत्सुकता तक्रारीत बदलू लागली होती आणि मला तिचा हिरमोड करायचा नव्हता. सुऱ्याचा प्रसंग आणि मनोऱ्यावरचा शेवट मी तिला आधीच शब्दांत सांगून ठेवला. जपानी आवाज ठेवला आणि उपशीर्षके मी मराठीतून वाचत गेले. एक तास पंचावन्न मिनिटांत माझा घसा बसला. कॉबला ती घाबरली नाही. वादळात सापडलेल्या जहाजावरच्या जादूगाराला वाऱ्याचे आणि लाटांचे खरे नाव आठवत नाही, त्या अगदी सुरुवातीच्या दृश्याने मात्र तिचा चेहरा उतरला. ‘नावच विसरला तर तो आता काय करणार?’ असे तिने दोनदा विचारले आणि रात्री झोपताना पुन्हा एकदा विचारले.

तेरूचे गुपित फुटले, याची मला रुखरुख आहे. पण संध्याकाळी तिने स्वतःहून विचारले, की तेनार आणि गेड यांची ओळख कुठे झाली ते कोणत्या पुस्तकात आहे. दुसऱ्या पुस्तकाची नवी प्रत ३९९ रुपयांना मागवली आहे. जुनी पाने, तिसऱ्या पुस्तकाची आपली जादा प्रत अजून शिल्लक असेल तर कृपया माझ्यासाठी राखून ठेवावी; उरलेल्या ३०१ रुपयांत टपालखर्च नक्की बसेल.