छिद्र पार्टमध्ये की असेंब्लीत? खान्देशातील आरेखकांचे अनुभव

डाळ मिलची यंत्रे, ठिबकच्या नळ्यांचे साचे, केळीच्या खोडाचे तुकडे करणारी यंत्रे अशी कामे आपल्याकडे रोज संगणकावर उभी राहतात. परंतु एखादे फीचर, म्हणजे मॉडेलमधले छिद्र किंवा काप, सुट्या भागाच्या फाइलीत (पार्टमध्ये) घ्यावे की सगळे भाग जोडलेल्या यंत्राच्या फाइलीत (असेंब्लीत), याविषयी आपण एकमेकांशी फारसे बोलत नाही. प्रत्येकाने आपल्या कामातला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

डाळ मिलची यंत्रे, जळगाव

आमच्या रोलर यंत्राची चौकट आधी वेल्डिंगने उभी राहते आणि बेअरिंगच्या जागांचे बोअरिंग (छिद्र अचूक मापापर्यंत मोठे करणे) त्यानंतर होते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पाट्या ओढल्या जातात आणि आधी पाडलेली समोरासमोरची छिद्रे एका रेषेत राहत नाहीत. म्हणून सॉलिडवर्क्स या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाटीच्या पार्टमध्ये मुद्दाम लहान छिद्र ठेवतो आणि अंतिम मापाचा काप असेंब्लीत, एकाच स्केचने, दोन्ही पाट्यांतून घेतो. हा काप असेंब्लीच्या फाइलीतच राहतो. पाटीची फाइल उघडल्यास लहान छिद्रच दिसते, आणि कटिंगवाल्याकडे तेच जायला हवे असते. फीचर स्कोप या पर्यायात मात्र कोणते भाग कापले जावेत ते स्वतः निवडावे, नाहीतर त्याच रेषेतल्या शाफ्टचाही तेवढा तुकडा नाहीसा होतो. कार्यशाळेत जे ज्या क्रमाने घडते, त्याच क्रमाने ते मॉडेलमध्ये असावे, असे माझे ठाम मत आहे.

फॅब्रिकेशन, धुळे

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु त्याची दुसरी बाजूही लिहितो. एका ग्राहकाकडून आलेल्या मॉडेलमध्ये बोल्टची सगळी छिद्रे असेंब्लीत पाडलेली होती. लेसर कटिंगसाठीची डीएक्सएफ फाइल (कापाच्या रेषांचे सपाट आरेखन) पार्टवरून काढली जात असल्याने पत्रे छिद्रांविना कापून आले आणि ती सर्व छिद्रे हाताने ड्रिल करावी लागली. लेसरवर होणारे छिद्र पार्टमध्येच असावे. शिवाय ते पॅटर्नने (एकाच छिद्राची ठरावीक अंतरावर पुनरावृत्ती करून) घेतले, तर असेंब्लीतले बोल्ट त्याच पॅटर्नवर बसवता येतात आणि छिद्रांची संख्या बदलली की बोल्टही आपोआप बदलतात.

साचे, जळगाव

दोन प्लेटा एकत्र आवळून डॉवेल पिनची (दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनची) छिद्रे पाडायची असतील, तर ती असेंब्लीतच दाखवावीत आणि ड्रॉइंगवर तशी सूचना लिहावी.

यंत्र आरेखन, भुसावळ

असेंब्लीत बसून शेजारच्या भागाच्या कडेवरून नवा भाग काढणे फार सोयीचे वाटते, परंतु त्यामुळे त्या भागाचे माप दुसऱ्याच्या फाइलीवर अवलंबून राहते. नुसता तो भाग दुसऱ्या यंत्रात वापरला, तर जुने यंत्र बदलताच नव्या यंत्रातही माप हलू शकते. त्यामुळे मी मुख्य मापे एका सांगाड्याच्या स्केचमध्ये ठेवतो, सगळे भाग त्याच्याशी जोडतो आणि काम अंतिम झाले की बाहेरचे संदर्भ लॉक करतो, म्हणजे दुसरी फाइल बदलली तरी माप हलत नाही. फाइली पाठवताना पॅक अँड गो ही सर्व फाइली एकत्र करणारी सोय वापरावी, म्हणजे संदर्भातल्या फाइली मागे राहत नाहीत.

अध्यापन, नंदुरबार

महागडा परवाना परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांना मी फ्रीकॅड हे आरेखनाचे मोफत सॉफ्टवेअर शिकवतो. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीपासून त्यात असेंब्लीचे वर्कबेंच (त्या कामाच्या साधनांचा संच) अंगभूत आहे. त्याआधी त्यासाठी वेगळे अ‍ॅडऑन घ्यावे लागे. सुरुवातीला मी फक्त बिजागरीची जोडणी करायला देतो: एक पाटी स्थिर, दुसरी फिरती, मध्ये पिन. फिरती पाटी हलवून पाहिली की पिनचे छिद्र कोणत्या फाइलीत असायला हवे, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात.