मदत हवी आहे: आईचा हर-टू 2+ आलाय. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

उदगीरकर_पोरगा: आईच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. हर-टू 2+ आहे. डॉक्टर म्हणतात आधी फिश टेस्ट, मग ठरवू. म्हणजे अजून दहा-पंधरा दिवस! प्लस आहे ना? मग ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन लगेच का देत नाहीत? लवकर सांगा.

मावशी_बोलते: ईआर, पीआर, म्हणजे हार्मोनच्या दोन टेस्ट, काय आलंय? वय? ऑपरेशन झालं का? एवढ्यावर कोण काय सांगणार बाबा.

उदगीरकर_पोरगा: दोन्ही निगेटिव्ह. वय 54. मी हर-टूचं विचारलंय.

काचपट्टी: मी लॅबमध्ये असतो. 0 आणि 1+ निगेटिव्ह, 3+ पॉझिटिव्ह, 2+ अधांतरी. हर-टू हा पेशीवरचा रिसेप्टर, 'वाढ' असा निरोप आत पोचवणारा. त्याच्या जीनच्या प्रती जादा झाल्या की रिसेप्टरांची गर्दी होते आणि निरोप थांबतच नाही. ट्रास्टुझुमॅब रिसेप्टरला चिकटून तो अडवतं. फिशमध्ये जीनच्या प्रती मोजतात. जादा नसतील तर वर्षभराची इंजेक्शनं कशाला? हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधूनमधून टूडी इको करावा लागतो.

निसर्गमित्र: हळद आणि गोमूत्र सुरू करा. टेस्ट म्हणजे पैसे उकळायचे धंदे.

मावशी_बोलते: माझ्या जावेने असेच सहा महिने काढे पिऊन घालवले. पुढचं लिहवत नाही. इथे हे सल्ले नकोत.

निसर्गमित्र: ताई, तुमचा अनुभव तुमच्यापाशी.

परळचा_पाहुणा: टाटाला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा.

उदगीरकर_पोरगा: राहायचं कुणी विचारलंय काका? सोलापूरला दाखवतोय.

काचपट्टी: तुकडा कुठे काढला? लॅबला कधी पोचला? आणि ऑपरेशनचं राहिलंच.

उदगीरकर_पोरगा: ऑपरेशन नाही. तुकडा गावातल्या दवाखान्यात काढला. दिवाळीत लॅब बंद, म्हणून बाटली शनिवार ते गुरुवार आमच्या फ्रीजवर होती. पोरांना दिसू नये म्हणून आईने वर रुमाल टाकला होता. त्याचा काय संबंध?

काचपट्टी: अहो, हेच पहिल्यांदा सांगायचं! फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या त्या झोंबणाऱ्या रसायनात, तो 6 ते 72 तास असावा. तुमचे पाच दिवस झाले. रिपोर्टवर परिणाम होऊ शकतो. बाटलीत फॉर्मॅलिनच होतं ना, की सलाइन?

उदगीरकर_पोरगा: झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी आलं.

काचपट्टी: मग फॉर्मॅलिनच. डॉक्टरांना आजच्या आज सांगा. गाठ आहे तिथेच आहे, नवा तुकडा घ्यायचा का ते तेच ठरवतील.

हिशोबी: इंजेक्शन लागलंच तर बायोसिमिलरचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या तशाच औषधाचं विचारा. 2014 पासून भारतात बनलेलं मिळतं, मूळ औषधापेक्षा स्वस्त.

उदगीरकर_पोरगा: फोन केला. आधी मलाच ओरडले. सोमवारी नवा तुकडा घेणार, आईला जेवून आणा म्हणाले. बाटली या वेळी मी थेट लॅबला नेतोय.

परळचा_पाहुणा: सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आहे बरं का.